पाच टनांचा भार पेलणारा दांडा

फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या १.८ लिटर टर्बो इंजिनातला कनेक्टिंग रॉड एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या छिद्राच्या मध्यापर्यंत जेमतेम १४४ मिलिमीटर भरतो. वजन अर्धा-पाऊण किलो. वरच्या लहान छिद्रात गजन पिन आणि तिच्यावर पिस्टन, खालच्या मोठ्या छिद्रात क्रँक. पिस्टनचा व्यास ८१ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ साधारण ५१.५ चौरस सेंटिमीटर. टर्बो भरात असताना ज्वलनाच्या ऐन क्षणी सिलिंडरमधला दाब १०० बारवर गेला, तर त्या माथ्यावर सव्वापाच टनांचा जोर येतो आणि तो सगळा ह्या एका दांड्यातून क्रँकवर उतरतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला पन्नास वेळा घडते. गाडीत बसलेल्याला त्यातले काही जाणवत नाही, आणि मला तरी यंत्रशास्त्रातल्या मोठ्या नवलांपैकी हे एक वाटते.

हे इंजिन १९९०च्या दशकाच्या मध्यात ऑडी ए४मध्ये आले आणि पुढची दहा वर्षे ऑडी, फोक्सवॅगन, सेआट आणि स्कोडा अशा चार घरांत नांदले. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, चार सिलिंडरांना वीस. सुरुवातीला १५० अश्वशक्ती. ऑडी टीटीत १८० आणि २२५. २००५च्या टीटी क्वात्रो स्पोर्टमध्ये तर २४०. आपल्याकडे ते ओळखीचे झाले ऑक्टाव्हिया आरएसमुळे. ऑक्टाव्हियाची जुळणी २००१पासून औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होत असे. आरएसच्या बॉनेटखाली हेच इंजिन १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन बसलेले होते. त्या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या. ज्यांनी त्या जिवापाड सांभाळल्या आहेत ते अजूनही त्यांचे इंजिन कंट्रोल युनिट रिमॅप करून घेतात, बूस्ट वाढवतात, मोठा टर्बो बसवतात. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की आतला दांडा किती सोसेल?

त्या दांड्यावर दोन प्रकारचे जोर येतात. पहिला दाबणारा. जळणारा वायू पिस्टनला खाली ढकलतो, पिस्टन रॉडला क्रँकवर रेटतो. दुसरा ताणणारा. वर येणारा पिस्टन टोकाला पोहोचतो, थांबतो आणि उलट फिरतो. त्याला थांबवून परत खाली खेचण्याचे काम रॉडलाच करावे लागते. ६,५०० फेऱ्यांना ह्या इंजिनाच्या पिस्टनला वरच्या टोकाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,६५० पट त्वरण मिळते. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून ६०० ग्रॅम धरले तर दर फेरीला दीड टनाहून थोडा अधिक ताण पडतो. ३,००० फेऱ्यांना तोच ताण फक्त ३४० किलोच्या आसपास असतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की ताण चौपट. बूस्ट कितीही वाढवला तरी ह्या ताणात फारसा फरक पडत नाही. बूस्टने वाढतो तो दाब.

आता ह्यातली खरी गंमत. काँप्रेशनच्या शेवटी, ज्वलन सुरू होते त्या सुमारास, पिस्टनची जडता त्याला वरच खेचत असते आणि वायू त्याला खाली ढकलत असतो. दोन्ही जोर एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे रॉडच्या वाट्याला त्यांची वजाबाकी येते. ६,५०० फेऱ्यांना सव्वापाच टनांतून दीड टन वजा होतो. ३,००० फेऱ्यांना वजा होतो तो टनाचा केवळ तिसरा हिस्सा. म्हणजे सिलिंडरमधला दाब सारखाच असेल तर इंजिन किंचाळत असताना रॉडवरचा दाबभार कमी असतो आणि इंजिन आरामात गुरगुरत असताना जास्त. ऐकणाऱ्याच्या कानाला नेमके उलटे वाटते. मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला की आपण श्वास रोखतो. टर्बो इंजिनाच्या रॉडला मात्र खरी धडकी काटा अडीच-तीन हजारांवर असतानाच भरते.

अश्वशक्तीच्या आकड्याने इथेच पुष्कळांची दिशाभूल केली आहे. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. ३,००० फेऱ्यांना ४०० न्यूटन-मीटर काढले तर शक्ती भरते सुमारे १७१ अश्वशक्ती. ६,५०० फेऱ्यांना ३०० न्यूटन-मीटर काढले तर भरते २७८. गप्पांच्या अड्ड्यावर दुसरे इंजिन मोठे ठरते. रॉडच्या दृष्टीने पहिले कितीतरी अधिक जीवघेणे आहे, कारण सिलिंडरमधला दाब टॉर्कबरोबर चालतो. १.८ लिटरच्या इंजिनातून २१० न्यूटन-मीटर निघतात तेव्हा पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब १५ बारच्या जरा खाली असतो. ४०० न्यूटन-मीटरला तो २८च्या वर जातो. कळसाचा दाब ह्या सरासरीच्या कितीतरी पट असतो आणि तोही तिच्या मागोमाग चढतो. म्हणून ट्यूनरला “किती घोडे?” असे विचारणाऱ्या प्रत्येकाने त्याआधी टॉर्क किती आणि तो कुठल्या फेऱ्यांना, हे विचारावे असे मी कळकळीने सांगेन.

मूळ इंजिनाचा लहान टर्बो लवकर जागा व्हावा म्हणूनच निवडलेला होता. दीडशे अश्वशक्तीच्या आवृत्तीत पूर्ण टॉर्क १,७५० फेऱ्यांनाच हाती येई, आणि शहरात चालवायला गाडी इतकी गोड वाटे ती त्याचमुळे. पण ह्याच टर्बोकडून रिमॅप करून जास्त बूस्ट मागितला की तो वरच्या फेऱ्यांना धापा टाकतो आणि सगळी मिळकत खालच्या-मधल्या फेऱ्यांत ओततो. त्यात बूस्ट आवरणारा व्हॉल्व्ह म्हातारा झालेला असेल तर ठरवलेल्या आकड्याच्या वर क्षणभराची उसळी येते. कसारा घाटात पाचव्या गियरमध्ये, दोन हजार फेऱ्यांवर, पाय पूर्ण दाबून गाडी चढवणे ही अशा इंजिनाला दिलेली सगळ्यात क्रूर शिक्षा आहे. फेऱ्या कमी असल्याने प्रत्येक ज्वलनाला वेळ भरपूर, दाब दीर्घ आणि उंच, जडतेची वजावट नगण्य. गियर खाली उतरवत त्याच वेगाला फेऱ्या चार हजारांवर नेल्या तर त्याच चढाला निम्मा टॉर्क पुरतो.

दाबाखाली रॉड कसा हरतो हे समजून घ्यायला प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन तळव्यांमध्ये उभी धरून हळूहळू दाबावी. ती आखूड होत नाही, चिरडतही नाही. एका विशिष्ट जोराला अचानक मध्यातून बाजूला पळते. लिओनार्ड ऑयलर ह्या स्विस गणितज्ञाने १७४४मध्ये ह्या वाकण्याचे गणित मांडले, तेव्हा मोटारींची इंजिने जन्मायची होती. त्याच्या सूत्राप्रमाणे खांब वाकवणारा जोर तीन गोष्टींवर ठरतो: पदार्थाचा ताठपणा, छेदाचा आकार आणि लांबीचा वर्ग. पोलादाचा दांडा फूटपट्टीसारखा सडपातळ नसल्याने त्यात निव्वळ वाकणे आणि धातू दबून सैल पडणे ही दोन्ही मिसळतात. म्हणूनच संकल्पनेच्या वर्गात रँकिनचे मिश्र सूत्र शिकवतात. निकाल मात्र तोच, दांडा कमरेत वाकतो.

रॉडचा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा का असतो, ह्याचे उत्तर त्याच गणितात आहे आणि ते मला फार देखणे वाटते. क्रँक फिरते त्या पातळीत रॉडची दोन्ही टोके पिनांवर मोकळी डुलतात. तिच्याशी काटकोनात असलेल्या पातळीत मात्र लांबट पिना टोकांना जखडून धरतात. टोके जखडलेला खांब मोकळ्या टोकांच्या खांबापेक्षा चौपट जोर सोसतो. मग दोन्ही दिशांना सारखीच ताकद हवी असेल तर क्रँकच्या पातळीतला छेदाचा कणखरपणा दुसऱ्या दिशेच्या चौपट ठेवायला हवा, आणि पोलाद कमीत कमी लागायला हवे. हे दोन्ही एकत्र साधणारा आकार म्हणजे आय. वेबची, म्हणजे आयच्या मधल्या पट्टीची, जाडी ‘टी’ धरली तर रुंदी चार टी आणि खोली पाच टी. आपल्याकडच्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या कुठल्याही विद्यार्थ्याने ही आकृती परीक्षेत एकदा तरी काढलेली असते. त्यातून प्रत्यक्षात गुणोत्तर सव्वातीनच्या आसपास येते, चारच्या थोडे खाली. म्हणजे दांडा वाकलाच तर जखडलेल्या बाजूने वाकत नाही, क्रँकच्या पातळीत वाकतो.

होंडाने १९९०च्या एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड घातले. रस्त्यावरच्या विक्रीच्या गाडीत ते पहिलेच होते. एनएसएक्सला टर्बो नव्हता; तिला आठ हजार फेऱ्यांपर्यंत पळायचे होते, म्हणून तिचा शत्रू ताण होता आणि ताणावरचा उपाय हलकेपणा. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा असतो. त्यामुळे टर्बोच्या दाबाखाली कमरेत न वाकण्यासाठी त्याच धातूला जास्त मांस लागते. दोन उत्तम इंजिनांना दोन वेगळे रॉड लागतात, आणि एकाची कीर्ती ऐकून दुसऱ्यात तसेच बसवणे ही महागडी चूक ठरू शकते.

ह्या १.८ टर्बोचे मूळ रॉड कुठे हार मानतात, ह्याबद्दल जगभरच्या ट्यूनरांचा अनुभव बराच एकमुखी आहे: चारशे न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यातही काही आवृत्त्यांत गजन पिन २० मिलिमीटरची आहे, काहींत १९ मिलिमीटरची; १९वाल्या रॉडला लोक जरा जपूनच हात लावतात. चारशे हा कारखान्याने छापलेला आकडा नव्हे. तो वाकलेल्या रॉडांवरून जमलेला शहाणपणा आहे, आणि त्यातही टॉर्क कुठल्या फेऱ्यांना येतो ह्यावर तो वर-खाली होतो. मूळ २१०वरून २८०-२९०पर्यंत नेणारे साधे रिमॅप ह्या हिशेबात आरामात बसतात.

वाकलेला रॉड लगेच तुटतोच असे नाही, आणि त्यातच धोका आहे. इंजिन सुरू होते, चालते, फक्त एक सिलिंडर मलूल वाटतो. रॉड वाकून एक मिलिमीटरने आखूड झाला तर पिस्टन वरच्या टोकाला तेवढाच खाली राहतो. त्या सिलिंडरचे काँप्रेशन गुणोत्तर ९.५वरून पावणेनऊच्या आसपास घसरते. काँप्रेशन टेस्टच्या चार आकड्यांत एक वेगळा दिसतो. हेड काढले असेल तर डायल गेज लावून चारही पिस्टनांची उंची मोजली की गुन्हेगार सापडतो. वाकलेला दांडा पिस्टनला एका अंगाने भिंतीवर घासवतो, गजन पिनेवर तिरका भार टाकतो, आणि पुढच्या प्रत्येक ज्वलनाला वाकलेल्या जागीच आणखी ताण साठतो. शेवटी तो मोडतो, आणि मोडलेले टोक फिरत्या क्रँकबरोबर ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येते.

मुंबईच्या गॅरेजांना वाकलेले रॉड टर्बोशिवायही ओळखीचे आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात घातलेल्या असंख्य गाड्यांची इंजिने बसली. हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी भरले की आजही तेच होते. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरते, पाणी दबत नाही, वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि क्रँकच्या फिरण्याची सगळी ऊर्जा रॉडच्या कमरेत उतरते. टर्बोने वाकलेला रॉड आणि पाण्याने वाकलेला रॉड शेजारी ठेवले तर वाक दोघांचा बहुधा त्याच पातळीत असतो. ऑयलरच्या सूत्राला जोर कुठून आला ह्याच्याशी देणेघेणे नाही.

कारखाने रॉड मुळातच जाड का करत नाहीत? करतात, आणि कधी कधी बारीक करून पुन्हा जाड करतात. स्वीडनच्या व्हॉल्व्होची गोष्ट ह्या बाबतीत मोठी बोलकी आहे. तिच्या लाल रंगाने रंगवलेल्या लोखंडी ब्लॉकच्या इंजिनांची टिकाऊ म्हणून जगभर ख्याती होती. १९८५च्या मॉडेलसाठी कंपनीने २.३ लिटरचे इंजिन नव्याने आखले आणि त्याला बी२३० हे नाव दिले. घर्षण कमी, वजन कमी, इंधन कमी हे उद्दिष्ट होते. रॉड १४५ मिलिमीटरवरून १५२ मिलिमीटर लांब झाले, क्रँकच्या पिना बारीक झाल्या आणि रॉडची दांडी तर नऊ मिलिमीटरच्या आसपास पातळ झाली. तेच रॉड टर्बो आवृत्तीतही गेले. १९९०च्या मॉडेलच्या सुमारास व्हॉल्व्होने ते जाड केले, सुमारे १३ मिलिमीटर. ७४० आणि ९४० टर्बो जपणारे लोक आजही जुने इंजिन विकत घेताना पहिल्यांदा वर्ष विचारतात ते ह्या चार मिलिमीटरांसाठी. ९४०चे उत्पादन १९९८ला थांबले, पण तिची जाड रॉडांची इंजिने अजून बूस्ट वाढवून पळवली जातात. पातळ रॉड हा आळशीपणाचा नमुना होता असे मी म्हणणार नाही. हलका रॉड म्हणजे हलका काउंटरवेट, बेअरिंगवर कमी भार, कमी घर्षण. मूळ बूस्टला तो पुरेसाच होता. त्याच्यावर अन्याय झाला तो मूळ बूस्ट सोडला तेव्हा.

त्याच घराण्याच्या आधीच्या इंजिनाने काय करून दाखवले तेही सांगायला हवे. २.१ लिटरच्या व्हॉल्व्हो २४० टर्बोला रस्त्यावर १५५ अश्वशक्ती होती. शर्यतीच्या गाडीला अॅल्युमिनियमचे हेड, फोर्ज्ड पिस्टन, खास रॉड आणि क्रँक, पाण्याचा फवारा आणि दीड बार बूस्ट देऊन ती सुमारे साडेतीनशेवर नेली. १९८५ची युरोपीय टूरिंग कार स्पर्धा एगनबर्गर संघाच्या ह्या गाडीने जिंकली. जियानफ्रांको ब्रांकाटेली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम हे तिचे चालक. त्याच वर्षी पेर स्टुरेसनने जर्मनीतली स्पर्धाही २४० टर्बोवरच मारली. चौकोनी, संसारी चेहऱ्याची ही गाडी तेव्हाच्या नामांकित गाड्यांना मागे टाकत होती. ब्लॉक रस्त्यावरच्या गाडीचाच होता, रॉड नव्हते.

क्रँक आणि रॉडची जोडी मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसमध्ये तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर पाण्याच्या चाकावर चालणारी करवत कोरलेली आहे. चाकाचे फिरणे करवतीच्या पुढे-मागे हलण्यात बदलणारी क्रँक आणि रॉडची ही सगळ्यात जुनी माहीत असलेली नोंद. पवनचक्क्या, आगगाड्या, मोटारी ह्या सगळ्यांतून तो दांडा तेच काम करत आला.

आजचा रॉड बहुधा घडीव पोलादाचा असतो. तापवलेला तुकडा साच्यात ठोकला की धातूचे तंतू दांड्याच्या आकाराप्रमाणे वळतात. ओतीव तुकड्यात ते साधत नाही. पुण्यात मुंढव्याची भारत फोर्ज, जिची स्थापना १९६१ची, असे क्रँकशाफ्ट आणि रॉड घडवते. रॉडच्या मोठ्या टोकाची टोपी वेगळी करण्याची आधुनिक रीत तर थक्क करणारी आहे. पूर्वी रॉड आणि टोपी करवतीने कापून, सपाट घासून जुळवत. आता अखंड घडवलेल्या रॉडच्या मोठ्या छिद्रात दोन बाजूंना लेसरने बारीक खाच पाडतात आणि आतून पाचर फाकवून ते टोक चक्क तोडतात. त्यासाठी सुमारे ०.७ टक्के कार्बनचे पोलाद वापरतात. ते तुटताना वेडेवाकडे ताणले जात नाही, ठिसूळपणे दुभंगते. दोन्ही तुटके चेहरे खडबडीत असतात, पण एकमेकांशी कणाकणाने जुळतात, आणि बोल्ट आवळला की टोपी सूतभरही सरकत नाही. अशा रॉडची टोपी दुसऱ्या रॉडला कधीच बसत नाही. जुने इंजिन उघडणाऱ्याने टोप्यांची अदलाबदल केली तर चारही रॉड भंगारात जातात.

त्या टोपीचे दोन बोल्ट हा वेगळाच विषय आहे. दाबाखाली ते निवांत असतात. त्यांचा काळ म्हणजे ताण. एक्झॉस्टच्या फेरीत पिस्टन वर पोहोचतो तेव्हा वायूचा दाब जवळजवळ नसतो, जडतेची वजावट करायला कोणी नसते आणि दीड टनांची सगळी ओढ बोल्टांवर येते. गियर चुकून इंजिन आठ हजारांवर गेले तर ती अडीच टनांच्या जवळ पोहोचते. म्हणून बोल्ट आधीच इतके आवळून ठेवायचे की ही ओढ त्यांच्या मूळ ताणापेक्षा कमी राहील. मग सांधा उघडत नाही आणि बोल्टला प्रत्येक फेरीचा चढउतार फारसा जाणवत नाही. १.८ टर्बोच्या रॉड बोल्टचे माप आहे ३० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. त्या पाव फेऱ्यात बोल्ट कायमचा ताणला जातो, म्हणून तो पुन्हा वापरायचा नाही. नवे चार जोड बोल्ट वाचवण्यासाठी जुनेच आवळणारा मेकॅनिक मी तरी इंजिनाजवळ उभा करणार नाही.

वीस वर्षांच्या रॉडबद्दल आणखी एक प्रश्न उरतो, थकव्याचा. प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्होलर ह्याने १८५० आणि ६०च्या दशकांत आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की पोलाद एका झटक्यात तुटण्याच्या कितीतरी खालच्या भाराला, तो लाखो वेळा दिला तर, तुटते. आणि भार एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकते. ताशी शंभर किलोमीटरला २,५०० फेऱ्या धरल्या तर लाख किलोमीटरमध्ये क्रँक पंधरा कोटी वेळा फिरते. मूळ बूस्टवर एवढ्या फेऱ्या काढलेला निरोगी रॉड मर्यादेखालीच जगला आहे. त्याचे वय त्याला फारसे मारत नाही. रिमॅपने तो मर्यादेच्या वर गेला की मात्र प्रत्येक फेरी मोजली जाते. रॉडच्या दांडीवर कोणी पान्याने खरवडलेली रेघ असेल, गंज असेल, तर भेग तिथूनच सुरू होते. चांगल्या कार्यशाळेत जुने रॉड चुंबकीय भुकटी टाकून भेगांसाठी तपासतात, आणि त्यांच्यावर पोलादाचे बारीक छर्रे मारून पृष्ठभाग दाबून घेतात, म्हणजे भेग उघडायला आधी तो दाब संपवावा लागतो.

जुन्या इंजिनाचे बाकीचे वय मात्र रॉडवर अवश्य येते. पिस्टनवर साठलेला कार्बन काँप्रेशन वाढवतो आणि तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. अर्धवट तुंबलेला इंजेक्टर एका सिलिंडरला कमी पेट्रोल देतो. इंटरकूलरमध्ये तेल साचले की हवा थंड होत नाही. ह्या सगळ्याचा शेवट नॉकिंगमध्ये होतो: उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि दाब काट्यासारखा वर उसळतो. नॉकिंगचा पहिला बळी सहसा पिस्टनच्या रिंगांमधली कड असते, पण मिश्रण पिस्टन वर येत असतानाच पेटले तर रॉडवर पडणारा भार कुठल्याच आराखड्यात नसतो. त्यामुळे नवे प्लग, धडधाकट कॉइल, गळती नसलेल्या नळ्या आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल ही रॉडचीच काळजी आहे.

चारशेच्या पुढे जायचे ठरले तर रॉड बदलायचे. बाजारातले बहुतेक मजबूत रॉड निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेल्या ४३४० पोलादाचे असतात. आपल्या वर्कशॉपांत जवळपास हेच पोलाद ईएन-२४ म्हणून ओळखतात. छेद एच असावा की आय, ह्यावर तासन्‌तास वाद चालतात. एच आकाराचे रॉड कॅलिफोर्नियात फ्रेड कॅरिलोने शर्यतीच्या जगात रुजवले आणि ते उत्तम आहेत, पण आयही तितकेच उत्तम करता येतात. माझ्या मते पोलादाची शुद्धता, उष्णोपचार, छिद्रांची गोलाई आणि बोल्ट ह्यांना आकारापेक्षा जास्त वजन द्यावे. चारही रॉड वजनाने सारखे हवेत, तेही नुसते एकूण वजनाने पुरत नाही: वरचे टोक वरच्याशी आणि खालचे खालच्याशी तोलून पाहावे. गजन पिन १९ची की २०ची हे पिस्टन मागवण्याआधी मोजून घ्यावे.

रॉड बदलले की कमकुवत जागा दुसरीकडे सरकते: मूळ पिस्टन, क्लच, गियरबॉक्स. आणि बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या मोठ्या टोकाचे, बेअरिंग. क्रँक आणि बेअरिंगच्या मधला तेलाचा थर काही मायक्रॉनच जाड असतो आणि तो फेऱ्यांबरोबर जाड होत जातो. कमी फेऱ्यांना तो पातळ असतो आणि नेमका तेव्हाच टर्बोचा दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणून जाणकार ट्यूनर भक्कम रॉड बसवल्यावरही ३,००० फेऱ्यांखालचा बूस्ट आवरून धरतात, तो चढणीने वाढवतात आणि वरच्या गियरांत टॉर्कला वेगळी मर्यादा घालतात. तसे ट्यून केलेले इंजिन खालून जरा सुस्त वाटते. पाच हजारांवर ते तेवढेच जोरात ओढते.